सात दिवसांचा कागद

लिफ्ट दुरुस्तीची कंपनी बंद पडली त्या दिवशी नवरा हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन आला आणि उंबऱ्यातच बसला. "संपलं," म्हणाला. बायकोने पेटी उचलून आत ठेवली. "कंपनी संपली. आपण कुठे संपलोय? उठा, जेवून घ्या."

सूनबाई काही तिचं नाव नव्हतं. पण सासूबाई साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारायच्या, म्हणून शेजारीही तिला सूनबाईच म्हणत. धुलाईच्या दुकानात ती इस्त्री करायची. आता त्या एका पगारावर चार तोंडं होती. नवऱ्याला दुसरं काम मिळेपर्यंत कोणापुढे हात पसरायचा नाही आणि पेटीतला एक पानासुद्धा विकायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

मग ती पदर खोचून कामाला लागली. डाळीला दोन उकळ्या आल्या की गॅस बंद. पातेलं झाकणासकट जुन्या गोधडीत गुंडाळायचं, डाळ आतल्या वाफेवरच शिजते. बाजारात जायचं ते विक्रेते टोपल्या आवरायला लागले की. बसचा पास बंद केला आणि ती पायी दुकानात जाऊ लागली.

सगळ्यांत भारी होता तो कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद. ज्याला जे हवं ते त्याने तिथे तारीख घालून लिहायचं आणि सात दिवस थांबायचं. सातव्या दिवशीही हवंसं वाटलं तर घ्यायचं, नाहीतर काट मारायची. "अपवाद कोणालाच नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"दाढीच्या पात्यालाही सात दिवस? मुलाखतीला मी जाणार की अस्वल?" नवरा कुरकुरला, पण त्यानेही लिहिलं. लेकीने रंगपेटी लिहिली आणि पाचव्या दिवशी स्वतःच खोडली. तिसाव्या वस्तूवर काट पडली तेव्हा सूनबाईला आपलाच अभिमान वाटला. रोज सकाळी ती तारखांवरून बोट फिरवायची, सात दिवस भरलेली ओळ तेवढी वाचायची आणि कामाला पळायची.

एका सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून येताना भिंत धरून उभ्या राहिल्या. हातातली कपबशी खाली पडली आणि पाठोपाठ त्याही बसल्या. समोरच्या घरातली नर्स धावत आली. तिने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि तिचा चेहराच बदलला.

"आजी, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"चार दिवस झाले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "अजून तीन राहिलेत."

सूनबाई कपाटाशी गेली. कागदाच्या तळाशी, पेन्सिलीने, बारीक नीटस अक्षरात लिहिलं होतं: रक्तदाबाच्या गोळ्या. पुढे तारीख. चारही सकाळी तिचं बोट त्या तारखेवरून गेलं होतं, आणि दिवस भरले नाहीत म्हणून तिने ओळ वाचलीच नव्हती.

नवरा औषधांच्या दुकानाकडे पळाला. सूनबाई सासूबाईंसमोर जमिनीवर बसली. तिला रडू आवरेना आणि रागही आवरेना. "आई, तुम्हाला काही झालं असतं तर तो कागद काय चाटायचा होता?"

"अगं, नियम म्हणजे नियम. पस्तीस वर्षं रेशन दुकानाच्या खिडकीत बसले मी. सख्ख्या भावालाही रांग सोडून पुढे घेतलं नाही. मग घरातलाच नियम मोडू?"

"माझंच चुकलं," सूनबाई म्हणाली. तिला मनापासून लाज वाटली. पण हातपाय गाळून बसण्यातली ती नव्हती. लेकीच्या वहीतलं एक पान घेऊन तिने ते पहिल्या कागदाच्या वर चिकटवलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: यासाठी थांबायचं नाही. खाली लिहिलं: औषधं. शाळेची फी.

नर्सने गोळी देऊन बराच वेळ बसून पुन्हा रक्तदाब पाहिला, संध्याकाळी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं आणि ती गेली. तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. "तो वरचा कागद काढून इकडे आण. पेन्सिलही."

उशीला टेकून त्यांनी सावकाश लिहिलं: सूनबाईच्या चपला.

सूनबाई दचकली. तिच्या एका चपलेचा पट्टा नवऱ्याने पेटीतल्या तारेने बांधून दिला होता. नव्या चपला तिने खालच्या कागदावर तीनदा लिहिल्या होत्या आणि तिन्ही वेळा सातव्या दिवशी स्वतःच काट मारली होती. टाच सोलली होती ते मात्र कोणाला कळू दिलं नव्हतं.

"त्या थांबतील हो आई."

"घरात एकच पगार येतो, तो या पायांनी चालत येतो," सासूबाई म्हणाल्या. "इथे कसली काटकसर करतेस, वेडे?"

सूनबाईने पेन्सिल घेतली आणि सवयीने पुढे तारीख घालू लागली. सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

संध्याकाळी सासूबाईंना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. येताना सूनबाईच्या पायांत नव्या चपला होत्या. घरात शिरताच तिने जुन्या चपलेची तार सोडवली, सरळ केली आणि नवऱ्याच्या पेटीत परत ठेवली.