रबराला लावलेलं करंजेल

मुळशी धरणाच्या कॅम्पात मी कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलाने तिशी ओलांडली होती. गोऱ्या साहेबांनी ते आधी बोटीनं आणि मग बैलगाडीनं आणवलं होतं. साहेब गेले, टेबल राहिलं, कारण त्याच्या पोटातल्या पाच फरशा उचलून न्यायची कुणाची छाती झाली नाही. फरशा पाटीच्या दगडाच्या, पाय सागवानी, वर बनात, म्हणजे जाड हिरवं लोकरी कापड, आणि चारी कडांना बनातीखाली रबर. दगडाला काही होत नाही. बाकीच्या वस्तूंना मात्र मुळशीचा पाऊस सोडत नाही. इथं कपाटातल्या वहाणांना बुरशी येते आणि काड्यापेटी चार महिने रुसून बसते.

तरी टेबल टिकलं, ते हैबतरावांमुळे. हैबतराव जवळच्याच रिहे गावचे. क्लबात ते मार्कर होते, म्हणजे साहेबलोक खेळत असताना गुण मांडायचे, चेंडू लावायचे आणि टेबल राखायचं. बावीस वर्षं त्यांनी एवढंच केलं होतं. पावसाळ्यात ते रोज टेबलाखाली कोळशाची शेगडी ठेवत आणि बनात सर्दावू नये म्हणून तिच्यापाशी बसून राहत. पायांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी गेणबा सुताराकडून नवे पाय करून घेतले. लाकूड वद्य पक्षात तोडलंय की शुद्ध, हे त्यांनी गेणबाला तीनदा विचारलं. शुद्ध पक्षातलं लाकूड किडतं, असं ते म्हणत. गेणबा शेवटी वैतागला.

माझं आणि हैबतरावांचं फारसं जमत नसे. मी पुण्याचा, सदाशिव पेठेतला. सरपणाच्या मोळीत साग कुठला आणि ऐन कुठला हे मला ओळखता येईना, तेव्हा ते चार अधिकाऱ्यांच्या देखत म्हणाले, "भाऊसाहेबाला लाकडाचं कागूद झाल्यावर वळखू येतंय." सगळे हसले. मीही हसलो. पण ते मी विसरलो नाही, आणि विसरायला हवं होतं.

१९५९ साली नवे मोठे साहेब आले. त्यांना खेळाचा नाद होता. पहिल्याच दिवशी त्यांनी चेंडू कडेवर मारला आणि तो लाकडावर आपटावा तसा टक्कन वाजून अर्ध्यातच थांबला. रबर कडक झालं होतं. साहेब म्हणाले, "दसऱ्याला पुण्याहून पाहुणे येतील. तोवर दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर टेबल मोडा, फरशा गेस्ट हाउसच्या ओट्याला लावू." टेबल गेलं तर मार्कर कशाला? आणि मार्कर गेला तर क्लबामागची खोलीही गेली, जिच्यात हैबतराव आणि तुळजाबाई राहत होते. रिह्याची जमीन भावांनी कधीच वाटून घेतली होती.

साहेबांच्या सांगण्यावरून मी मुंबईच्या कारागिरांना पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं. नवं रबर परदेशातून येतं, सध्या मिळत नाही. पण जुनं उलटं करून बसवता येईल, आमचा माणूस दसऱ्याआधी येतो. तोवर रबराला हात लावू नये, आणि तेल तर मुळीच लावू नये. तेलानं रबर फुगतं आणि कायमचं मरतं. साहेब आठ दिवस पुण्याला गेले होते. मी पत्रावर तारखेचा शिक्का मारला आणि ते फायलीत लावलं. आवक-जावक हे माझं काम, ते मी चोख केलं.

चार दिवसांनी दुपारी क्लबात गेलो तर करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा, उग्र वास. हैबतरावांनी कडांची बनात उसवून बाजूला केली होती आणि वाटीतलं तेल फडक्यानं रबरात जिरवत होते. तुळजाबाई वाटी धरून उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मोटंची सोंड वाळून कडाक झाली की आमी काय करतो? त्याल पाजतो," हैबतराव म्हणाले. "मंग सोंड परत नरम. ह्येबी चामड्याच्याच जातीचं. बगा दाबून."

मी दाबून पाहिलं. खरंच नरम लागलं. ते इतके खूश होते की माझ्याकडे पाहून हसले, बहुधा पहिल्यांदाच. मला पत्र आठवलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ती मोळी आठवली आणि वाटलं, होऊ दे, बघू या तरी शहाण्याची करामत. मला थोडी मजाही वाटली, हे कबूल करतो. मी "छान" म्हणालो आणि ऑफिसात परत आलो.

दोन दिवस चेंडू झकास परतत होता. तिसऱ्या दिवशी रबर भिजल्या भाकरीसारखं फुगलं. कडांवरची बनात तेलानं काळी पडली. साहेब परतले, त्यांनी चेंडू मारला, तो कडेला टेकला आणि तिथंच राहिला.

साहेबांनी फाइल मागवली. पत्र वाचलं, शिक्क्याची तारीख पाहिली आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"हैबतराव, बावीस वर्षांची नोकरी आहे तुमची. न कळून झालं असेल तर मी तुम्हाला गेस्ट हाउसला शिपाई म्हणून घेतो. पण मग हे पत्र दाबून ठेवणाऱ्याला मी इथं ठेवणार नाही. खरं सांगा, तेल लावू नका असं यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

माझी नोकरी तेव्हा सहा महिन्यांची, कच्ची. घरी बायकोला सातवा महिना.

"सांगितलं व्हतं, सायेब," हैबतराव म्हणाले. "म्याच ऐकलं न्हाई."

साहेबांनी त्यांना महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. उघडायला वेळ नव्हता असं नाही. साहेब सही करत होते तेवढ्या वेळात चार वाक्यं सहज बोलता आली असती.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. तुळजाबाई भांडी पोत्यात भरत होत्या. मी विचारलं, "हैबतराव, माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तुमी शाईचं मानूस. कामाच्या गडबडीत पत्र न वाचताच लावलं आसंल. त्येवढ्यापायी लेकुरवाळ्या व्हनाऱ्या घरावर बला कशाला आननार?" ते ट्रंकेला दोरी बांधत म्हणाले. "चूक तर माजीच व्हती."

तिथंच गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. पण मला ते सहन होईना.

"मी वाचलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही तेल लावत होतात तेव्हा मला ठाऊक होतं."

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. मला वाटलं आता शिवी देतील, आणि दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तरी 'छान' म्हनलासा," ते म्हणाले. मग त्यांनी दोरीला गाठ मारली आणि तुळजाबाईंना म्हणाले, "चल, गाडी थांबायची न्हाई."

पुढच्या महिन्यात मी कायम झालो.