सगळ्यांचा मामा

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या नांदेडला ठाऊक हाय. पण त्या आश्रमात सात वर्षं भाकरी थापल्या असत्या ना, तर तुमचंही तोंड सुटलं असतं.

निजामाची मोगलाई होती तेव्हाची गोष्ट. गोदावरीच्या काठाला आमचा बालकाश्रम. एकवीस लेकरं, एक मास्तर आन् एक मी, गुणाबाई. स्वयंपाक माझा, उवा मारायच्या त्याही मीच. आन् ह्या सगळ्यावर रेणुकादास वकील. आश्रम त्यांनीच काढलेला. माणसाला वाईट म्हणीन तर जीभ झडेल माझी. पोरीच्या लग्नात उरलेलं तूप घरात न ठेवता आश्रमात धाडणारा माणूस. पण डोक्यात एकदा बसलं ते बसलं, ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. लेकराला लोखंडी खाट, पाटी-पेन्सिल आन् सकाळचं दूध मिळालं की झालं, त्याला मग घर लागत नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं.

त्यात त्यांचा एक नियम. आश्रमात कोणताही बाप्या आला की लेकरांनी ओळीत उभं राहायचं, हात जोडायचे आन् म्हणायचं, "मामा, नमस्ते." कापडवाला शेठ आला, मामा. तहसिलीचा मुन्शी आला, मामा. एकदा सरपणाचा गाडीवान आला तर तो बिचारा भांबावूनच गेला. म्हणला, "आरं, एवढी भाचरं मला कवा झाली?"

"लेकरांना नातं मिळतं, गुणाबाई," वकील म्हणायचे.

"नातं काय प्रसाद हाय व्हय, येईल त्याच्या हातावर ठेवायला?" मी म्हणायची. ते हसायचे. माझा जीव जळायचा.

सिंधु आली तेव्हा तीन-साडेतीन वर्षांची. लातूरकडच्या खेड्यातली. पटकीच्या साथीत आठ दिवसांत आई गेली, बाप गेला. तिचा मामा दगडोबा तिला खांद्यावर टाकून घेऊन आला. त्याची बायको बाळंतपणात अंथरुणाला खिळलेली, घरात बघणारं दुसरं कोणी नाही. "बायको उठंस्तोवर सांभाळा, मावशी. सुगीला येऊन नेतो," असं माझ्यासमोर म्हणला. आन् जाता जाता परत फिरला. "हिच्या केसायला कात्री लावू नका. माळेगावच्या खंडोबाला हिच्या आईनं, माझ्या अक्कानं, नवस केलेला हाय. पाचव्या वर्साला जावळ, माझ्या मांडीवर."

आता कागदाचं ऐका. अर्जी उर्दूत. मुन्शीनं लिहिलं, पोरगी लावारिस. काहून? तर वारस हाय म्हणलं की तहसिलीत दहा खेटे, लावारिस म्हणलं की दोन दिवसांत हुकूम. दगडोबाला उर्दू कुठली, मराठीही वाचता येत नव्हती. दाखवलं तिथं अंगठा उठवला. म्हणजे ह्या पोरीला जगात कोणी नाही असं वर लिहिलेलं, आन् खाली तिच्या सख्ख्या मामाचा अंगठा. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

पहिल्या सुगीला बायको उठली नव्हती. दुसऱ्या सुगीला दगडोबा आला. डोक्यावर शेंगांचं गाठोडं, काखेत नवा परकर. आन् वेळ बघा कशी. आश्रम भरला म्हणून तीन मुली हैद्राबादच्या मोठ्या आश्रमात धाडायचं ठरलेलं, शुक्रवारच्या गाडीनं. त्यात सिंधु. हा आला बुधवारी.

ओळ उभी राहिली. "मामा, नमस्ते." सिंधुनंही हात जोडले. दगडोबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वळखलं! मावशी, वळखलं लेकरानं!"

मी तोंड फिरवलं. काय सांगणार त्याला? घटकाभरापूर्वी दूधवाल्यालाही ती हेच म्हणली होती.

वकिलांनी त्याला आत बोलावलं. मी दारात उभी राहिले, मला कोणी हटकत नाही.

"कागदावर या मुलीला वारसच नाही. तुम्ही कोण?" वकील म्हणाले.

"मामा हाय जी."

"पुरावा?"

दगडोबा स्वतःच्या हातांकडं बघायला लागला, तिथं काही लिहिलेलं असल्यासारखा.

"वकीलसाहेब, मी हाय की साक्षीला," मी म्हणले. "ह्यानंच आणून सोडली होती."

"गुणाबाई, कागद म्हणजे कागद. आणि मामा असाल असं धरू. पण तुमच्या घरी आहे काय? हैद्राबादला शिवण शिकवतील, मुलीचं भलं होईल. तिच्या भल्याच्या आड येता का तुम्ही?"

आन् हा शहाणा काय म्हणाला असेल? "सायेब म्हनत्यात ते बी खरंच हाय. माझ्या घरी खाट न्हाई, घोंगडंच हाय." रामराम केला आन् बाहेर आला.

माझं टाळकंच फिरलं. त्याला चुलीपुढं बसवला. "दोन मोटारी बदलून काय शेंगा पोचवायला आलास?"

"मी अडाणी मानूस, मावशी. पोरीचं वाटोळं नगं व्हायला माझ्या हातून."

"घरी म्हस हाय?"

"हाय."

"दूध देती?"

"देती की."

"मग इथलं काय अमृत हाय? निम्मं पाणी असतंय त्यात, मीच घालते! बायको काय म्हणली तुझी?"

"तिनंच धाडलं. पोरीला घेतल्याबिगर येऊ नगा म्हनली. घोंगड्यात लई जागा हाय म्हनली."

माझी तव्यावरली भाकर करपली. अरे, ह्याहून काय पाहिजे माणसाला? मागल्या महिन्यात सिंधु पायरीवरून पडली. गुडघा फुटला, रक्त आलं. चार वर्षांचं लेकरू, पण हूं नाही की चूं नाही. उठली, हौदावर गुडघा धुतला आन् जेवणाच्या ओळीत येऊन बसली. वकील म्हणाले, "बघा, किती गुणी!" त्यांच्या डोक्यावर पिठाची परात पालथी घालावी असं मला वाटलं. ऐकायला कोणी नाही हे ज्या लेकराला कळलं ते रडत नसतं. ह्यात गुण कसला आलाय?

"जाऊ नको," मी दगडोबाला दरडावलं. "गाडी शुक्रवारी हाय." पण करायचं काय ते मलाही कळत नव्हतं.

बेस्तरवारी सकाळी ग्यानोबा न्हावी आला. हैद्राबादला उवा जायला नकोत म्हणून तिघींची डोकी भादरायचा हुकूम होता. विमलचं झालं, दुसरीचं झालं. मग सिंधु पाटावर बसली. ग्यानोबानं तिचे केस हातात घेतले, जटा झालेल्या नुसत्या, आन् वस्तरा खाली ठेवला.

"गुणाबाई, हिचं तर जावळच हाय की हे. मामा कुठंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वकील ओसरीवर आले. "काय खोळंबा आहे रे?"

"सायेब, जावळ हाय. मामा पायजे."

"अरे, इथे येणारे सगळे यांचे मामाच. काढ लवकर."

"मग तुमीच बसा," ग्यानोबानं धोकटी सरकवून जागा केली. "घ्या मांडीवर. मी काढतो."

वकील दोन पावलं मागं सरले. "भलतंच काय! जावळाला सख्खा मामा लागतो. सख्खा मामा जिवंत असताना पोरीला परक्याच्या मांडीवर..."

आन् जीभ चावली.

त्या घडीला मी खंडोबाला हात जोडले. म्हणलं, "काय म्हणालात, वकीलसाहेब? पुन्हा म्हणा. लावारिस पोरीला सख्खा मामा कुठून आला?"

जन्म कोर्टात गेलेला माणूस. दुसऱ्यांना साक्षीत पकडायची सवय, आज स्वतःच सापडला. उपरण्यानं तोंड पुसलं. फाटकाकडं बघितलं. दगडोबा पहाटेपासून तिथं लिंबाखाली बसलेला, उद्या पोरीला जाताना बघूनच हलणार म्हणत. वकील आत गेले, कागद घेऊन आले. 'लावारिस' वर आडवी रेघ मारली.

"दगडोबा, आत या. तहसिलीतले खेटे मी घालीन."

"पर सायेब, खाट..."

"गप!" मी आन् वकील एकदमच ओरडलो.

दगडोबानं सिंधुला मांडीवर घेतलं. केस काही काढले नाहीत, ते माळेगावला, खंडोबापुढं. बोटांनी नुसता एकेक गुंता सोडवत बसला. "तुझ्या आईचे केस असेच व्हते बग," म्हणत. पोरगी आधी अंग चोरून होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, सख्खा म्हंजे?"

"सख्खा म्हंजे तुझ्या एकटीचा. दुसऱ्या कुणाचा न्हाई."

तिनं मान वळवून त्याचं तोंड नीट बघून घेतलं.

निघताना नवा परकर घालून खांद्यावर बसली. फाटकापाशी नेमाप्रमाणं ओळ उभी. हात जोडलेले. "मामा, नमस्ते."

तशी ती खांद्यावरून किंचाळली, "हा तुमचा न्हाई! हा मपला हाय! एकटीचा!" आन् रडायलाच लागली, भोकाड पसरून. दीड वर्षात पहिल्यांदा. दगडोबा घाबरला. मी म्हणलं, "रडू दे. जा तू."

मोटारीच्या अड्ड्याकडं वळंस्तोवर तिचं रडं ऐकू येत होतं. ओळीतले हात तसेच जोडलेले. मग विमलनं आपले खाली घेतले. नुकतंच भादरलेलं डोकं, उद्याच्या गाडीला जायची, सहा वर्षांची पोर.

"मावशी," ती म्हणाली, "मपला कुठंय?"

मी वकिलांकडं बघितलं. तो कागद अजून त्यांच्या हातातच होता.

"द्या की उत्तर," मी म्हणले. "आजवर सगळ्यांचे मामा तुम्हीच होतात ना?"