एक लांब, दोन आखूड

"हात लावू नकोस, स्क्रू मोजून ठेवलेत," हे माझ्याकडे न बघताच म्हणाले.

मी हात लावलाच नव्हता. टेबलावरचा थंड झालेला चहा उचलत होते. पण सकाळपासून ह्यांना साऱ्या जगाचा संशय येत होता. नवाकोरा कम्प्युटर स्वतःच्या हातांनी जोडलेला, आणि तो काही केल्या सुरू होत नव्हता. म्हणजे पंखे फिरत, दिवे लागत, पण पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं.

मशीन एक्स-रेवाल्या डॉक्टरांचं होतं. पाच वाजता ते न्यायला येणार होते आणि त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मास्तर, जुनं बंद पडलंय, मी पेशंट परत पाठवतोय. उद्या नाही मिळालं तर मला दुसरीकडून उचलावं लागेल." ह्यांना सगळे मास्तरच म्हणतात. पस्तीस वर्षं ह्याच दुकानात, ह्याच टेबलावर. ह्यांनी जोडलेलं मशीन पहिल्या बटणाला सुरू झालं नाही असं आजवर दोनदाच झालंय, आणि त्या दोन्ही हकीकती मला तोंडपाठ आहेत.

ह्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढल्या, जागा बदलून बसवल्या, बटण दाबलं. पंखे फिरले आणि आतून आवाज आला. पीऽऽऽप, पिप, पिप. पडदा काळा तो काळाच.

हे उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"एका जागी बसाल का जरा?"

"मी बसलो म्हणजे ते सुरू होणारे का?"

मग वीज पुरवणारा डबा बदलला. पुन्हा बटण, पुन्हा तेच. पीऽऽऽप, पिप, पिप.

ही पिपाणी ह्यांनीच लावलेली. नखाएवढा स्पीकर असतो तो. हल्ली नव्या मशीनमध्ये कोणी घालत नाही, पण ह्यांचा हट्ट. मशीनला काय दुखतंय ते त्याच्याच तोंडून ऐकावं म्हणतात. लग्नानंतर मी दुकानात बसायला लागले तेव्हा ती भाषा मला ह्यांनीच शिकवली. एक आखूड म्हणजे सगळं ठीक. नुसते लांब म्हणजे मेमरी. एक लांब, दोन आखूड म्हणजे चित्र दाखवणारं कार्ड. मग ते बिचारं सकाळपासून कार्ड, कार्ड करून ओरडतंय, आणि हे मेमरीच्या मागे का लागलेत? मला वाटलं, ह्यांना काहीतरी पुढचं दिसत असेल. मास्तर हे आहेत, मी नाही. 

साडेतीन वाजता सगळं चौथ्यांदा सुटं करून झालं. ह्यांनी पुन्हा जोडलं आणि कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

"मदरबोर्डच मेलाय," म्हणाले. "परत करतो. डॉक्टरांना नाही म्हणून सांगावं लागणार. हे बघ ना, स्पीकरसुद्धा मुका. हूं नाही की चूं नाही."

आणि मला दाखवायला बटण दाबलं. पीऽऽऽप, पिप, पिप.

ह्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. उशाशी गजर वाजत राहतो आणि हे खुशाल झोपलेले. लेक दोन वर्षं मागे लागलीय, बाबा, कान तपासून घ्या. ह्यांचं उत्तर ठरलेलं, हल्लीची माणसं पुटपुटतात. आम्ही हसायचो. माझं बोलणं ऐकू येतं, गिऱ्हाइकाचं येतं, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. बारीक आवाज तेवढे गेले होते, आणि ह्यांची सगळी मास्तरकी त्या बारीक आवाजांवर उभी होती.

न सांगावं तर धडधाकट बोर्ड परत जाणार आणि डॉक्टर हातचे जाणार. सांगावं तर माणूसच खचणार. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, ह्यांचाच. लेकीचं ऐकायला काय झालं होतं?

"अहो, तो मुका नाहीये."

"म्हणजे?"

"सकाळपासून ओरडतोय. एक लांब, दोन आखूड."

ह्यांनी मशीन बंद केलं, वाकून कान अगदी आत नेला आणि पुन्हा बटण दाबलं. आवाज झाला. हे तसेच वाकून राहिले.

"झाला?"

"झाला."

मशीन बंद करून कार्डाला बोट लावून पाहिलं. मागच्या बाजूने ते केसभर उचललेलं होतं. स्क्रू सैल केला, अंगठ्याने कार्ड खाली दाबलं, स्क्रू पुन्हा आवळला. बटण दाबलं तेव्हा मशीनकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"एक आखूड," मी म्हटलं. पडदा उजळला.

डॉक्टर पाचला दहा मिनिटं असतानाच आले. "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही बघा," म्हणाले.

"हात ठीक आहेत," हे म्हणाले आणि खोका गाडीपर्यंत स्वतः उचलून नेला.

परत येऊन टेकतायत तोवर फोन आला. छापखानेवाला होता. त्याचं मशीन अडलं होतं. "फोन मशीनजवळ धरतो मास्तर, तुम्ही ऐका आणि सांगा." जागचं न हलता अशी निदानं ह्यांनी आजवर किती केली असतील, गणती नाही.

"धरा," हे म्हणाले. थोडा वेळ फोन हातातच ठेवला. मग माझ्यापुढे केला. "तू ऐक."

मी कानाला लावला. आधी नुसती पंख्याची घरघर. मग पिप. हे समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सांग," म्हणाले.

"सांगते. जरा थांबा, अजून वाजतंय."