पुलाखालच्या बोर्डाचा पत्ता

बुरुलच्या वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि चाळिसाव्याचं जेवण ओसमोनच्या चहाखान्यात होतं. ओसमोन म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ. आत मोठ्या कढईत मेंढी शिजत होती, पुरुषमंडळी बोटं चाटत मयताचे गुण गात होती, आणि बुरुल दाराशी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

डोंगरावरचं बर्फ आता जोरात वितळत होतं. चिखलाचा लोंढा आलाच तर खालच्या आळीला भोंगा ऐकू यावा म्हणून वडिलांनी पुलाखाली, एका पेटीत, तळहाताएवढा संगणक-बोर्ड बसवला होता. तो पाणी मोजायचा आणि आकडा वायरीने चहाखान्यातल्या राउटरकडे पाठवायचा. तिथून भोंग्याला कळायचं. या वसंताच्या सुरुवातीला आकडे मधेच तुटायला लागले. वडील पहाटे उठून स्वतः पाणी बघायला जाऊ लागले. तो गारठा त्यांच्या छातीत बसला, तो बसलाच; त्यातच ते गेले.

सकाळपासून बुरुलने वायरीचं टोक कापून नवं बसवलं होतं, बोर्डाला त्याचा नेटवर्कवरचा ठरलेला पत्ता, चार आकड्यांचा, पुन्हा दिला होता. बोर्डावरचा दिवा लुकलुकत होता. तरी लॅपटॉपवरून हाक मारली की चार वेळा उत्तर, मग शुकशुकाट. शेवटी वैतागून तिने राउटरमधून बोर्डाची वायर उपसून काढली.

तरीही त्या पत्त्यावरून उत्तर आलं.

हातातल्या वायरीकडे ती बघत राहिली. मग राउटरमधून निघालेली दुसरी वायर बोटाने चाचपत गेली. ती तुपकट होती, तिच्यावर केस आणि माश्यांची घाण चिकटली होती. वायर भिंतीवरच्या टीव्हीत शिरत होती. बुरुलने ती काढली.

"अगं ए! कुस्ती चाललीय!" ओसमोन ओरडला.

"काका, टीव्हीला बोर्डाचा पत्ता कुणी दिला?"

"मीच. टीव्ही काही केल्या लागेना. तुझ्या बापाचं यंत्र चालत होतं, म्हणून त्याच्या पत्त्याचे आकडे जसेच्या तसे उतरवले. ज्या घरचं दही घट्ट लागतं त्याच घरून विरजण आणतात की नाही?" शेजारचे हसले. "अधूनमधून अडकतो मेला, पण चालतो."

"एका पत्त्यावर दोन यंत्रं असली की दोन्ही अडकतात. बाबांनी तुम्हाला विचारलं नव्हतं, इथे कुणी हात लावलाय का म्हणून?"

"विचारलं ना, दोनदा." ओसमोनने हाडातला मगज ओढून घेतला. "म्हटलं, नाही बुवा. सांगितलं असतं तर टीव्ही काढायला लावला असता. तुला माहीत आहे तो कसा हट्टी."

हनुवटीवरून चरबी ओघळली. ती त्याने बाहीला पुसली.

"आता हे चारचौघांत काढू नकोस, पोरी," तो हळूच म्हणाला. "चाळिसावा आहे. आणि टीव्हीचं बघ जरा."

वायर कापून फेकावी असं तिला फार वाटलं. पण ती शहरात परत गेली की हा माणूस दुसरी वायर आणणार आणि पुन्हा तोच पत्ता घालणार, हेही तिला कळत होतं. खालच्या आळीत माणसं झोपतात. तिने ओसमोनसमोरचा चिकट रिमोट उचलला, टीव्हीला वेगळा पत्ता दिला आणि दोन्ही वायरी जागेवर लावल्या.

लॅपटॉपवर पाण्याचा आकडा आला; मग दुसरा, मग न तुटता येतच राहिला. पडद्यावर पैलवान एकमेकांना भिडले आणि सगळी बैठक खूश झाली.

"बापाची लेक!" ओसमोनने मूठभर मांस आणि शेवया एकत्र चुरल्या आणि तिच्या तोंडासमोर हात धरला. वडीलधाऱ्याच्या हातचा घास कुणी नाकारत नाही. सगळे कौतुकाने बघत होते.

बुरुलने ओठ मिटून घेतले.

"घे, पोरी. आ कर."

ती मान हलवत नव्हती, वळवतही नव्हती. हात तसाच राहिला. बोटांमधून रस्सा सतरंजीवर ठिबकू लागला, आणि एकेक जण टीव्हीकडे बघायला लागला.