नावाने न सापडलेला सर्व्हर

मित्रांनो, मी बिघडलो असे ठरले तर दत्तारामचा एक नवा सर्व्हर खपणार होता. मी धडधाकट ठरलो तर कमलाक्षीची कंत्राटी नोकरी दिवाळीला पक्की होणार होती. दोघांचेही नशीब माझ्यावर अडलेले, आणि मला तोंड नाही.

मी सर्व्हर, म्हणजे कचेरीतल्या इतर संगणकांना माहिती पुरवणारा संगणक. डिचोलीजवळ सर्वणला खनिजाचे ट्रक वजन करण्याचा काटा होता. तिथल्या कोनाड्यात मी सात वर्षे काढली. ट्रक काट्यावर चढला की शेजारचा संगणक मला नावाने हाक मारी, मी गाडीची नोंद देई आणि चिठ्ठी निघे. चिठ्ठीशिवाय ट्रक हलत नसे. मॅनेजर भिकाजी पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्यो कधी रजा मागणा नाय." माणसांबद्दल त्यांच्या तोंडून एवढे चांगले मी कधी ऐकले नाही.

खंडेनवमीला ट्रकांबरोबर आमचीही पूजा होई. त्या वर्षी काट्यावर चिठ्ठ्या काढणाऱ्या कमलाक्षीने माझ्या वायरी काढल्या, मला पुसले, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. चार दिवस सगळी यंत्रे बंद राहिली. पुन्हा सुरू झालो तेव्हा यंत्रांना पत्ते, म्हणजे ओळखीचे नंबर, वाटणाऱ्या पेटीने माझा जुना पत्ता प्रिंटरला दिला आणि मला नवा. पत्ता बदलला म्हणून कोणी मरत नाही. पण काट्यावरचा संगणक मला जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिला. प्रिंटर बिचारा काय उत्तर देणार?

हंगामाचा पहिला आठवडा, आणि चिठ्ठी निघेना. ट्रकांची रांग नाक्यापर्यंत गेली. म्हापशाहून दत्ताराम आला. आमची सगळी यंत्रे त्यानेच बसवली होती. माझ्यावरचे कुंकू बघून तो हसला.

"ओलो फडको मारलो मां? मग आत पाणी जातला नाय तर काय दूध?"

"सुको फडको होतो," कमलाक्षी म्हणाली. "आणि ह्यो मेल्लो नाय. नंबर घातलो तर ओ देता, नावान हाक मारली तर देणा नाय. चिठ्ठीच्या प्रोग्रॅमाक नावच लागता. काट्यावरच्या संगणकात नावांची यादी आसतली, ती बघा."

"बाय, ह्या यंत्राचा बारसा मी केलंय. तू माका शिकवतंस?"

"बघ रे एकदा," भिकाजी म्हणाले. "पासवर्ड तुझ्याकडेच आसा."

दत्तारामने पडदा आपल्याकडे वळवला आणि यादी उघडली. सात वर्षांपूर्वी घाईत त्यानेच माझे नाव आणि जुना पत्ता हाताने लिहून ठेवला होता. तो पत्ता माझ्याच नावे कायम करायचे काम मात्र राहून गेले होते. त्याने ती ओळ वाचली. मग यादी बंद केली.

"आत सगळा बरोबर आसा. मशीनच गेला."

बाहेरून दोडामार्गचा ट्रकवाला बाबली ओरडला, "ओ भिकाजीशेट, दोन दिवस झाले! कागद दितास की गाडीत चूल मांडू?"

"घाल बाबा नवीन," भिकाजी म्हणाले.

दत्तारामने नव्या सर्व्हरला माझा जुना पत्ता दिला, प्रिंटरला दुसरा. यादीतली चुकीची ओळ आपोआप खरी झाली. चिठ्ठी निघाली आणि त्याच क्षणी मी गुन्हेगार ठरलो. माझ्याबरोबर ओला फडकाही.

दिवाळीला कमलाक्षीची नोकरी पक्की झाली नाही, संपली. शेवटच्या दिवशी ती भिकाजींना म्हणाली, "त्या जुन्या मशीनीक वायर लावून नंबर घाला. अजून बोलतला."

"बोलान काय करू गो? ट्रक चलले मां?"

मित्रांनो, मी आता जिन्याखाली सिमेंटच्या गोणींमागे आहे. माझ्यात काही बिघडलेले नाही, पण ते विचारायला कोणी येत नाही. एखादे यंत्र गप्प झाले तर त्याला टाकण्याआधी आपण त्याला कुठे शोधतो आहोत ते बघा. आणि कोणी ते बघायला सांगत असेल, तर त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या.

नव्या सर्व्हरचे पैसे काट्याच्या मालकाने दिले, त्याला ते जड नव्हते. बाबलीच्या दोन दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या. चूक दत्तारामची; त्याने काहीच भरले नाही. उरलेले सगळे कमलाक्षीने भरले.