सात तोंडांचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. किती जुना, ते माझ्या रंगावरून ओळखा. आणला तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता लोक मला क्रीम रंगाचा म्हणतात आणि मीही तो रंग हौसेने निवडल्यासारखा बसून राहतो.

मला बाबांनी आणलं. ते वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. दुकानात उभं राहून त्यांनी माझा एकेक भाग हातात घेऊन तोलला आणि दुकानदाराला बजावलं, "दिखाऊ काही नको, दणकट घाला." सुरुवातीला माझे लाड काय वर्णावेत! आईने माझ्यासाठी फुलाफुलांची खोळ शिवली. घरातल्या थोरलीने नोकरीचे अर्ज माझ्यावरच टाइप केले, नोकरी मिळवली आणि लग्न होऊन सासरी गेली. धाकटी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती माझ्यावर चित्रं काढू लागली आणि त्यावरच पोट भरायचं ठरवून बसली. मी मनातल्या मनात एक खातं ठेवतो: कौतुक जमेला, बोलणी खर्चाला. त्या वर्षांत जमेची बाजू भरून वाहत होती.

माझी अडचण एकच, पोर्टांची. मागचे सगळे भिंतीकडे तोंड करून आहेत आणि टेबल एवढं जड, की ते सरकवायचं नुसतं बोललं जातं. कीबोर्ड आणि माऊस एकदाचे तिथे लागले ते लागले. पुढे दोन पोर्ट होते. त्यातल्या एकात बाबांनी पेनड्राइव्ह उलटा धरून जोर लावला, तेव्हापासून तो कामातून गेला. उरलेल्या एकासाठी घरात रोज रांग लागायची. चिमणीची चित्र काढायची पाटी, प्रिंटर, चित्रं साठवायची डिस्क आणि मध्येच आईचा फोन.

"आई, तुझा फोन काढते गं."

"अगं, आत्ता तर लावला. मेलेला आहे तो."

"मग मेल्यावर कशाला चार्ज करतेस?"

ही भांडणं मला फार आवडायची. भांडत होते ते माझ्या एका पोर्टासाठी. याहून मोठा मान कुणाला मिळतो?

एके दिवशी थोरली आणि जावई भेटायला आले. जावयांनी खिशातून एक काळा, चपटा, कंगव्याएवढा ठोकळा काढला आणि त्याची शेपटी माझ्या त्या एकुलत्या पोर्टात खोचली. तो हब होता. त्याला सात पोर्ट, आणि प्रत्येकाशेजारी एक निळा दिवा. पाटी लागली, प्रिंटर लागला, डिस्क लागली. फोन लावून झाला, तरी जागा उरली. उरलेल्या जागेत आईने आपला छोटा पंखा लावला.

"एवढंसं आहे, पण बघा कसं सगळ्यांना सामावून घेतं," आई म्हणाली.

सामावून घेतं म्हणे. अहो, सात जणांना वाढणारा तो, पण रांधणारा कोण? मीच. माझ्या एका पोर्टातून मोजकी वीज बाहेर पडते, तीच तो सगळ्यांना वाटत होता आणि दिवे मात्र त्याचे लागत होते. त्या दिवशी माझ्या खात्यातली जमेची बाजू कुणीतरी उचलून त्याच्या नावावर केल्यासारखं वाटलं. मी जळफळलो. जळफळलो की माझा पंखा घरघरतो, त्यावर थोरली म्हणाली, "हा केवढा आवाज करतो गं. हब बघ, गुपचूप बसलाय."

खोलीत आणखी एकजण जळत होता. बाबांचा चेहराही माझ्यासारखाच झाला होता, फक्त त्यांना तो पेपरामागे लपवता येतो. त्यांच्या घरात, त्यांनी आणलेल्या वस्तूला, जावयाने आणलेली वस्तू शहाणपण शिकवत होती. जावई बॅगेतून हबचा स्वतःचा, पिशवीत बंद असलेला अॅडॉप्टर काढून म्हणाले, "बाबा, हा भिंतीतल्या प्लगला लावा. म्हणजे हबला वेगळी वीज मिळेल."

"ठेवा तिथे. लावतो सवडीने," बाबा म्हणाले.

मंडळी गेल्यावर बाबांनी तो अॅडॉप्टर पिशवीसकट कपाटात ठेवून दिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आमचा गडी दणकट आहे. पोसेल सगळ्यांना."

मित्रांनो, मी हुरळलो. हब माझ्याच तुकड्यावर जगणार, याचा मला कोण आनंद! जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या त्या माणसाने माझ्यावरचा भार मात्र तोलून पाहिला नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्याच सुमाराला चिमणीला मोठं काम आलं. मुलांच्या पुस्तकासाठी समुद्रातल्या प्राण्यांची चित्रं काढायची होती. प्रकाशक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळी चित्रं आली, तर पुढची पुस्तकंही तुम्हालाच. नाहीतर माझ्याकडे दुसरी मुलगी आहे." त्या दुसऱ्या मुलीचं नाव निघालं की चिमणीचा ओठ दाताखाली जायचा.

ती रेघ ओढायची आणि पाटी मध्येच मुकी व्हायची. डिस्क टकटक करून गायब व्हायची. मी माझं काम चोख करत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना देत होतो की या पोर्टाला वीज पुरत नाही. पण या घरात एक रीत आहे. कोपऱ्यात काही उगवलं की वाचायचं नाही, फुली मारायची. ही रीत बाबांनीच घालून दिलेली.

रविवारी चिमणी ऑक्टोपसचं चित्र डिस्कवर ठेवत होती. अर्ध्यात डिस्क गेली आणि ऑक्टोपसही गेला. ती रडली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत म्हणाली, "या डब्याचं वय झालंय. ताईला सांगते, नवा आणा म्हणून. हब चांगला आहे, हाच झेपत नाही."

हब चांगला आणि मी डबा! शेजारी बसलेल्या बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात कोपऱ्यात माझा निरोप पुन्हा आला आणि बाबांचा हात सवयीने माऊसकडे गेला. चिमणीने तो वरच्यावर धरला.

"थांबा. काय होतं ते?"

"काही नाही गं, येतं मधूनमधून."

तिने वाचलं. मग सावकाश विचारलं, "बाबा, हबबरोबर अॅडॉप्टर आला होता ना?"

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. दारातून आई म्हणाली, "कपाटात आहे की. पिशवीसुद्धा फाडली नाही यांनी."

"माझ्या कॉम्प्युटरला कुणाच्या कुबड्या नकोत, म्हणून ठेवला," बाबा म्हणाले. "जावयांचा हेवा नाही केला मी. या कॉम्प्युटरलाच हबचा हेवा वाटला असता."

"कॉम्प्युटरला हेवा वाटत नसतो, बाबा. तो माणसांचा धंदा."

मी पडद्यावर एक अक्षर उमटू दिलं नाही.

बाबा उठले, स्वतः पिशवी फाडली आणि अॅडॉप्टर भिंतीला लावला. माझ्यावरचा भार उतरला तेव्हा कळलं, की मी किती दिवस धापा टाकत होतो. पाटी बोलू लागली, डिस्क शांत झाली. चिमणीने ऑक्टोपस पुन्हा काढला. तो आधीच्याहून जरा रागीट आला, पण बाईंना तोच आवडला. सोमवारी उजेड असतानाच चित्रं पोचली आणि पुढचं पुस्तकही चिमणीलाच मिळालं. नव्या कॉम्प्युटरचा विषय परत निघाला नाही.

फोनवर आई थोरलीला सांगत होती, "जावईबापूंना म्हणावं, हब अगदी गुणाचा निघाला." जमा पुन्हा त्याच्याच खात्यात. दुपारी बाबा रुमाल घेऊन आले. त्यांनी आधी हब पुसला, एकेक पोर्ट जपून, आणि मग त्याच रुमालाने मला.

मित्रांनो, घरात नवी वस्तू आली तर तिला तिचा वाटा वेगळा द्या. जुन्याच्या ताटातलं काढून तिला वाढू नका. जुनं काही कोपऱ्यातून सांगत असेल, तर फुली मारण्याआधी वाचा. आणि धूळ पुसायला घ्याल, तेव्हा सुरुवात माझ्यापासून करा.