धाकट्याचा रस्ता

धाकटा परदेशात बस चालवायचा. फोनवर आईच्या मागे त्याचं एकच टुमणं असायचं, एकदा येऊन बघ. वाळू बघशील, बर्फ बघशील, समुद्र बघशील, तेही एकाच देशात. आई शिवणकाम करायची, आणि हातातले कपडे संपले की येते, हे तिचं उत्तर ठरलेलं. "यम आला तरी म्हणशील, थांबा, एवढं बटण लावते," असं तो चिडवायचा. यम आला तो त्याच्याकडेच. तापाचं निमित्त झालं नि चार दिवसांत खेळ आटोपला.

पुढच्या वर्षी आई त्या देशात गेली. त्याच बसवरचा दुसरा ड्रायव्हर, धाकट्याचा जोडीदार, तिला न्यायला आला होता. तो तिला मावशी म्हणायचा. आपल्या मागच्याच सीटवर त्याने तिला बसवलं आणि पोराचा नेहमीचा रस्ता दाखवायला निघाला.

आधी नजर पोचेल तिथवर वाळू. तिथल्या पंपावरची माणसं तोंडाला फडकं गुंडाळलेली, धाकट्याला ती 'लांब्या' म्हणायची. मग बर्फाचे डोंगर. तिथली भाषा निराळी, चेहरेमोहरे निराळे, आणि तिथे तो 'गाणारा' होता. घरात कधी गुणगुणलाही नव्हता. जोडीदार ओळख करून द्यायचा, माणसं तिचा हात हातात घ्यायची, चुकचुकायची, आणि आपापल्या कामाला लागायची. त्यांचं रडून झालं होतं. देश धाकट्याने सांगितला तसाच देखणा होता, आणि त्याचाच तिला राग येत होता.

शेवटचा थांबा समुद्राकाठी होता. तिथली खानावळ चालवणारी म्हातारी बस दिसताच हात पुसत बाहेर आली, जोडीदाराला काहीतरी विचारून त्याच्या पाठीमागे डोकावून पाहू लागली. तो खाली बघत पुटपुटला. म्हातारी हसली आणि आईच्या गालावरून हात फिरवून आत गेली.

"काय विचारलं तिने?" आईने विचारलं.

तो म्हणाला, "तो कधी येणार म्हणून विचारते. दर खेपेला विचारते. तो रजेवर आहे असं मी सांगतो, मावशी. तिचा फार जीव होता त्याच्यावर. माझी जीभच रेटत नाही."

"आज सांग."

"कशाला उगाच तिला..."

"सांग रे. मला सोबत रडायला कुणीतरी हवंय."

तो आत गेला, मागोमाग ती. त्याने सांगितलं. म्हातारी रडली नाही. तिने जोडीदाराला तोंडाला येईल ते सुनावलं, त्याला बाहेर घालवलं आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली. घासलेलीच पुन्हा घासत होती. आई शेजारी बसली आणि भांडी विसळू लागली. बऱ्याच वेळाने म्हातारीचे खांदे हलू लागले. आईने ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं. मग दोघींनी आपापल्या भाषेत त्याला हाका मारल्या.

बाहेर हॉर्न वाजला. जोडीदार दारात येऊन उभा राहिला.

"तू जा," आई म्हणाली. "परतीच्या खेपेला ने मला."

म्हातारीने न विचारताच तिचं ताट वाढायला घेतलं.